जिन्यातून वळणारी पट्टी

तीन मीटरची पट्टी घेऊन भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत शिरायचं तर पुढच्या टोकाला एक माणूस लागतो आणि मागच्या टोकाला एक. पुढचा हातगाडीवाल्याला ‘जरा बाजू’ म्हणत थांबवतो, मागचा उभ्या दुचाक्यांचे आरसे वाचवतो. घराशी पोचलं की जिना. इथल्या जुन्या घरांचे जिने जेमतेम अडीच फुटी, पायऱ्या उंच आणि मधे काटकोनात वळण. दहा फुटांची, जराही वाकता कामा नये अशी वस्तू त्या वळणातून वर जात नाही. उभी धरावी तर छत आडवं येतं, तिरकी करावी तर भिंत. मग कोणीतरी गच्चीवरून दोरी सोडतं, पट्टी खिडकीतून आत ओढली जाते, आणि वर गेल्यावर लक्षात येतं की खोलीच मुळात नऊ फुटांची आहे.

कारखानदार तिला गाइड रेल म्हणतात, आमच्या दुकानात ती नुसती पट्टी. ॲल्युमिनियमची, सात-आठ इंच रुंद, वरच्या अंगाला लांबीभर एक उंचवटा. कटर मशीनच्या तळाला त्या उंचवट्याच्या मापाची खाच असते. मशीन पट्टीवर बसवलं की ते डावी-उजवीकडे हलत नाही, फक्त पुढे-मागे सरकतं. एका कडेला रबराची पातळ धार असते. नवी पट्टी आली की आधी त्या रबरावरूनच मशीन फिरवायचं. आपल्या पात्याने रबर जिथे कापलं, तिथेच यापुढे लाकूड कापलं जाणार. मग पेन्सिलच्या रेघेवर ती कड ठेवली की झालं. मशीनच्या तळाची कड आणि पातं यांत किती अंतर, ते वजा करत बसायला नको. पातं बदलून जरा जाड किंवा पातळ बसवलं तर मात्र हा हिशेब पुन्हा तपासावा लागतो, आणि ते बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही.

वडील वाडा तालुक्यातून इथे आले ते मागाच्या कामासाठी. भिवंडीच्या जुन्या साध्या मागात लाकूड भरपूर असायचं: धोट्याला फटका मारणारी पिकिंग स्टिक, फणी धरणारा स्ले, धागा नेणारे धोटे. धोट्याचे कारागीर वेगळे, पण बाकीची मोडतोड आमच्याकडे यायची. रॅपियर मशीन आली, त्यात धोटाच नाही, आणि आमचं ते काम आटत गेलं. तोवर गावाबाहेर गोदामं उभी राहिली होती. मुंबईत जकात होती तेव्हा माल जकातीच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायला भिवंडी सोयीची पडे. मानकोली, दापोडा, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी पत्र्याची छपरं चढली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही गेली नाहीत, उलट वाढली. गोदामांना पॅलेट लागतात, माल पाठवायच्या पेट्या लागतात, आत ऑफिस करायला लाकडी सांगाड्याची पार्टिशनं लागतात. आणि गावात, निजामपुऱ्यात, घर वाढवायला जागा नसलेल्यांना पोटमाळे लागतात. आमचं दुकान या दोन्ही कामांवर चालतं. एकाला मोकळी जमीन असते आणि वेळ नसतो. दुसऱ्याला वेळ असतो, जागा नसते.

पट्टीची लांबी ठरवताना ही दोन्ही कामं डोळ्यापुढे ठेवावी लागली. कंपन्यांच्या यादीत लांब्या ठरलेल्या आहेत. बॉशच्या पट्ट्या ८००, ११००, १४००, १६००, २१०० आणि ३१०० मिलिमीटरच्या. मकिटाच्या १०००, १४००, १९००, ३०००. फेस्टूलची यादी ८०० पासून थेट ५००० पर्यंत जाते. पाच मीटरची पट्टी कोण कुठून कुठे नेतो हे मला बघायला आवडेल. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या मशीनला चालेलच असं नाही, म्हणून पट्टी निवडताना खरं तर मशीनही निवडलं जातं. यादी हातात आली की माणूस सगळ्यात लांब पट्टीकडे बघतो. लांब पट्टीने छोटी कामं होतीलच, छोटीने लांब कामं होणार नाहीत, असा तो सरळ विचार. बाजूच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जुन्या घरांच्या सागाच्या चौकटी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस या भागात नाही. ती यादी बघून ते म्हणाले होते, “बेटा, लंबी पट्टी दुकान में अच्छी लगती है, मोहल्ले में नहीं.” चाचा स्वतः पट्टी वापरत नाहीत. त्यांचा हात आणि गुण्या यांच्यात तिसरं काही मावत नाही. पण बोलले ते बरोबर बोलले.

दुकानात गिऱ्हाईक पट्टी मागतं तेव्हा बहुतेक वेळा कापाच्या मापाची मागतं. प्लाय चार फूट रुंद, म्हणून पट्टी चार फुटी. तशी पट्टी घेतली तर काप सुरू करतानाच अडचण येते. मशीनचा तळ साधारण फूटभर लांब असतो आणि पातं त्याच्या मधोमध. पातं लाकडाच्या कडेला लागण्याआधी तळ पट्टीवर नीट बसलेला हवा, नाहीतर मशीन लाकडात शिरताना नाक हलवतं आणि पहिले दोन इंच वाकडे जातात. म्हणजे कडेच्या अलीकडे पट्टी बाहेर आलेली हवी. शेवटालाही तेच: पातं लाकडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत तळाचा मागचा भाग पट्टीवर असला पाहिजे. मी पोरांना सांगताना हाताचं माप सांगतो. आधी एक वीत, नंतर चार बोटं. दोन्ही मिळून फूटभर होतं. कापाच्या लांबीत एक फूट मिळवा, ती तुमची पट्टी.

हा हिशेब यादीला लावला की बऱ्याच लांब्या आपोआप गळतात. चार फुटी, म्हणजे १२२० मिलिमीटरच्या कापाला १४०० ची पट्टी घेतली तर १८० मिलिमीटर उरतात, सात इंच. भागतं, पण दर वेळी अंग चोरून काम करावं लागतं. १६०० ची घेतली तर पंधरा इंच उरतात, मशीन निवांत टेकवता येतं. आठ फुटी काप २४४० मिलिमीटरचा. त्याला नऊ फुटी पट्टी हवी, म्हणजे २७०० च्या आसपास. १६०० आणि ११०० जोडल्या की २७०० होतात. हे गणित जमलं तेव्हा मी ३१०० चा विचार सोडला. एक १६००, एक ११००, आणि मधला जोड. रिक्षात बसतात, जिन्यात वळतात, आणि वर जाऊन एक होतात.

प्लायचा हिशेब सगळ्यांनाच करता येतो. सांगाड्याच्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तीन बाय दोनची, चार बाय दोनची पाइनची दांडी. पट्टी सात-आठ इंच रुंद, दांडी चार इंच. दांडीवर पट्टी आडवी ठेवली की ती डुलते. मशीनचं वजन एका बाजूला आलं की पट्टी कलंडते. बाजूला त्याच जाडीचा दुसरा तुकडा ठेवावा लागतो, खाली घसरू नये म्हणून शिकंजा लावावा लागतो, आणि एवढं सगळं चार इंचाच्या एका कापासाठी. त्यापेक्षा गुण्या दांडीला टेकवून मशीनचा तळ गुण्याच्या कडेने सरकवला तर काप होऊनही जातो. अमेरिकेत घराचे सांगाडेच लाकडाचे असतात आणि तिथले सुतार दिवसभर हेच करतात. त्रिकोणी गुण्या, हाताचं मशीन, खटाखट काप. त्यांची ‘टू बाय फोर’ दांडी मोजली तर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. इतक्या लहान तुकड्याला पट्टी लावेपर्यंत तिथल्या माणसाचे दहा काप झालेले असतात. दुकानात आमचं चॉप सॉ आहे, एकेरी दांड्या त्यावरच जातात. म्हणून सांगाड्याला पट्टी घेऊ का, असं कोणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर असतं की एकेक दांडी कापणार असशील तर नको घेऊ.

पट्टीची मजा जुडीत आहे. पॅलेटच्या फळ्या एका मापाच्या ढिगाने लागतात. गोदामांत चालणारी पॅलेट बहुधा १२०० बाय १००० मिलिमीटरची. युरोपला जाणारी १२०० बाय ८०० ची. फळ्या एकेक करून चॉप सॉवर घेतल्या तर प्रत्येक वेळी माप, प्रत्येक वेळी टेकवणं, आणि दुपारनंतर हात कंटाळला की माप सुताने इकडेतिकडे होणार. जुडी बांधली की एका फेरीत सगळ्यांचा हिशेब संपतो. चार इंची फळ्या बारा लावल्या की अठ्ठेचाळीस इंच होतात, म्हणजे चार फूट, म्हणजे पुन्हा प्लायचीच रुंदी. प्लायसाठी निवडलेली १६०० ची पट्टी बारा फळ्यांच्या जुडीला तशीच बसते. आठ फळ्यांची जुडी बत्तीस इंचांची. फूट मिळवून चव्वेचाळीस, म्हणजे ११०० ची पट्टी. आमच्या दुकानातल्या दोन पट्ट्या अशा ठरल्या. लाकूड किती लांब आहे याच्याशी त्यांचा संबंध फार थोडा. एका वेळी किती लाकूड शेजारी-शेजारी झोपवणार, यावर ती लांबी आली.

जुडी लावायची कशी हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण नवीन पोरं घाई इथेच करतात. जमिनीवर जाड थर्माकोलची शीट, तिच्यावर फळ्या. पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा दोन सूत जास्त, एवढीच. दात थर्माकोलमध्ये जेमतेम उतरतात. फळ्यांची एका बाजूची टोकं आधी सारखी करून घ्यायची, कारण वखारीतून आलेलं टोक कधी काटकोनात नसतं आणि त्यावर बहुतेक रंगाचा ठिपका किंवा चीर असते. सारखी केलेली टोकं भिंतीशी लावलेल्या सरळ फळीला टेकवायची. दोन्ही बाजूंनी शिकंजे, पण आवळायच्या आधी फळ्यांवरून हात फिरवायचा. एखादी फळी पिळलेली असते आणि तिचा कोपरा वर आलेला असतो. अशी फळी जुडीत ठेवली तर पट्टी तिच्यावर टेकते आणि बाकीच्या फळ्यांवर अधांतरी राहते. ती बाजूला काढायची, तिची ठोकळ्यात वाट लावता येते. मग पहिल्या आणि बाराव्या फळीवर माप घेऊन खूण. मधल्या दहांवर खूण करायची नाही, उगाच नजर भरकटते. पट्टी दोन खुणांवर ठेवायची आणि कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले तरच मशीन लावायचं. शेवटच्या फळीच्या पलीकडे एक टाकाऊ तुकडा त्याच जाडीचा. पातं बाहेर पडताना जो चिरा फुटतो तो त्या तुकड्यात जातो.

मशीन चालू करून पातं उतरवलं की पहिल्या फळीत आवाज भरीव असतो, दोन फळ्यांच्या फटीवर क्षणभर मोकळा होतो, पुन्हा भरीव. गाठ आली की मशीन स्वतःच मंदावतं. तिथे ढकलायचं नाही, पात्याला त्याच्या वेगाने जाऊ द्यायचं. पाइनच्या राळेचा वास दुकानभर होतो आणि पात्यावर राळ चिकटत जाते. ती रॉकेलच्या बोळ्याने पुसली नाही तर दोन दिवसांत पातं धार असूनही लाकूड जाळायला लागतं. कापावर तपकिरी डाग दिसला की समजायचं. बारा फळ्या एका फेरीत वेगळ्या होतात. शेजारच्या मागांची खटखट दिवसभर चालू असते, त्यामुळे आमच्या मशीनच्या आवाजाची तक्रार कोणी करत नाही. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हाच काय ते आपलं मशीन किती ओरडतं ते कळतं.

पातं पाऊण सूत लाकूड खातं. ऐकायला काहीच नाही. युरोपातून येणारं कापीव पाइन लांबीला ३०० मिलिमीटरच्या पायरीने मिळतं, ३ मीटर, ३.३, ३.६ असं. ३.६ मीटरच्या दांडीतून १२०० चे तीन तुकडे कागदावर निघतात; प्रत्यक्षात दोन काप मध्ये येतात आणि टोकं सारखी करण्यात आणखी थोडं जातं. दांडी लिहिल्यापेक्षा बोटभर जास्त आली तर नशीब, नाहीतर तिसरा तुकडा कमी भरतो. हे माल उतरवतानाच टेप लावून बघायचं. गांधीधामहून न्यूझीलंडच्या पाइनचा ट्रक आला किंवा रे रोडच्या बाजारातून माल आणला, तरी पहिलं काम तेच. परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड तर आधीच महाग पडलेलं असतं. लाकडासोबत कीड जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात, मग त्यावर आंतरराष्ट्रीय ठसा बसतो. तापवलेल्या लाकडाचे तुकडे वाया जाणं मालकाला जास्त बोचतं, आणि मालक मी असल्यामुळे मला तर फारच.

लांब पट्टीची खरी गरज पडते ती उभ्या कापात, तीही सालच्या लाकडाला. पोटमाळ्याला आता बरेच जण लोखंडी गर्डर टाकतात, ते स्वस्त आणि लवकर होतं. पण जुन्या घरात जिथे वर कडीपाट आहे तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांना लाकूडच हवं असतं. साल ओलं येतं, वाळताना धनुष्यासारखं वाकतं. अशा दांडीची एक कड सरळ केल्याशिवाय तिच्यावर पाट नीट बसत नाही. वखारीच्या मोठ्या आऱ्यावर नेऊन सरळ करून आणता येतं, पण येण्याजाण्यात अर्धा दिवस. पट्टी दांडीवर लांबीच्या दिशेने टाकायची, वाकाच्या दोन टोकांना धरून, आणि मशीन फिरवायचं. पट्टी सरळ आहे म्हणून कड सरळ येते, दांडीची मूळ कड कशीही असो. आडव्या कापात पट्टी फक्त रेघ धरते. इथे ती लाकडाला शिस्त लावते.

आणि इथेच दोन पट्ट्यांच्या जोडावर सगळं येतं. जोडायच्या सळ्या खाचेत सरकवायच्या, आणि दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींना घट्ट भिडवायची नाहीत. नख जाईल एवढी फट ठेवायची. टोकं कारखान्यातून नेमकी काटकोनात कापलेली असतीलच असं नाही. ती दाबून भिडवली तर पट्टी कोपऱ्यात मोडल्यासारखी तिरकी होते. फट ठेवून, दोन्हींच्या कडेला दोरा ताणून, दोऱ्यावर नजर ठेवत स्क्रू हळूहळू आवळायचे. पेनासारखा टॉर्च पलीकडून धरला की दोरा आणि कड यांच्यातला उजेड दिसतो. तो दोन्ही टोकांपर्यंत सारखा असला पाहिजे. वडिलांच्या काळात काव लावलेला दोरा ताणून लाकडावर रेघ मारायचे आणि दोन माणसांच्या करवतीने त्या रेघेवरून चालायचे. दोरा तोच आहे, आता तो लाकडाऐवजी ॲल्युमिनियम तपासतो. स्क्रू फार आवळले तर पट्टीची खाच फुगते आणि मशीन त्या जागी अडखळतं. काम झालं की जोड सोडायचा. आमच्याकडचा एक पोरगा जोडलेली पट्टी तशीच भिंतीला उभी ठेवत असे. मी ती दर वेळी सोडून ठेवायला लागलो तेव्हा तोही सोडायला लागला.

२७०० पेक्षा लांब काप आमच्याकडे येतच नाही असं नाही. पण कधी येतो ते बघितलं तर कारण सापडतं. पेटी शेवटी कंटेनरमध्ये जायची असते, आणि कंटेनर आतून रुंदीला २.३५ मीटरच्या आसपास. पेटीची रुंदी आणि उंची त्याच्या आतच राहणार. लांबी वाढली तर सांगाड्याच्या दांड्या लांब लागतात, त्या फक्त टोकाला कापायच्या असतात. उभा, लांब काप पेटीत क्वचित. पोटमाळ्याची दांडी दहा-बारा फुटी असते, तिची कड सरळ करायला पट्टी एकदा पुढे सरकवून घेतो. दुसऱ्या टप्प्याला कापलेल्या कडेवरच पट्टीचं टोक दोन फूट बसवायचं, म्हणजे रेघ चुकत नाही. वर्षात काही मोजक्या दांड्यांसाठी ही कसरत परवडते. रोजच्या जिन्यासाठी तीन मीटर परवडत नाही.

जाडीचा प्रश्न पट्टीला सोडवता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पट्टीवर चालणारी बहुतेक मशीन ५५ मिलिमीटरच्या आसपास खोल जातात. सालची दांडी तीन इंच जाड, म्हणजे पंचाहत्तर. एका बाजूने काप, मग दांडी उलटवून दुसऱ्या बाजूने. दोन काप एकमेकांना भेटले पाहिजेत, म्हणून रेघ चारही अंगांवर गुण्याने फिरवावी लागते. पंचाहत्तर मिलिमीटर खोल जाणारं मोठं मशीन मिळतं, पण ते पोटमाळ्यावर उकिडवं बसून एका हाताने उचलायची वस्तू नाही. अशा वेळी चाचा येतात, हाताची करवत काढतात आणि माझं मशीन जोडून होईपर्यंत दांडीचं टोक खाली पडलेलं असतं. काप गुण्याला लावून बघितला तर फट शोधावी लागते. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. एकदा मी त्यांना जुडी लावून दाखवली, बारा फळ्या एका फेरीत. ते बघत राहिले, मग म्हणाले, “अच्छा है. मगर बारह एक जैसे चाहिए तब.” घरात तर दोन दांड्याही एकसारख्या लागत नाहीत, कारण जुन्या घराची एकही भिंत दुसरीला समांतर नसते.

ज्याला पट्टी परवडत नाही त्याने प्लायची करावी. मी कित्येकांना करून दिली आहे. ९ मिलिमीटर प्लायची दहा इंच रुंद पट्टी घ्यायची, तिच्यावर तीन इंच रुंद दुसरी पट्टी स्क्रूने बसवायची, आणि त्या दुसऱ्या पट्टीची बाहेरची कड प्लायच्या पूर्ण शीटची, कारखान्यातून आलेली मूळ कड असली पाहिजे. दुकानात कापलेली कड चालत नाही. मशीनचा तळ त्या कडेला टेकवून एकदा चालवलं की खालची पट्टी पात्याच्या रेषेवर कापली जाते, आणि तुमची रबराची धार तयार. उंचवटा नसल्यामुळे मशीन एकाच बाजूला दाबून ठेवावं लागतं, मन भरकटलं की मशीनही भरकटतं. स्क्रूचं डोकं वर राहिलं तर मशीन त्यावर अडतं. प्लाय चांगला, आयएस ७१० चा घ्यावा. साध्या प्लायची पट्टी जूनमध्ये सरळ असते आणि ऑगस्टात नसते. इथल्या पावसात एमडीएफ तर कडेने फुगतो. अशा पट्टीची लांबी ठरवताना मात्र कंपनीची यादी आडवी येत नाही. जिन्याला टेप लावा, त्यात वळणारं मोठ्यात मोठं माप काढा, तेवढीच करा.

हे सगळं मी जमवून ठेवलं आणि आता धाकट्या भावाने राहनाळला शेड भाड्याने घेतली आहे. पॅलेटचं काम तिकडे हलवायचं आहे. शेडमध्ये काँक्रीटची सपाट जमीन, दहा मीटर मोकळं, टेम्पो थेट आत येतो. तो म्हणतो, दादा, आता ३१०० घेऊ, जुडी सव्वीस फळ्यांची लावू. मी हिशेब केला: सव्वीस फळ्या म्हणजे एकशेचार इंच, फूट मिळवून एकशेसोळा, पट्टी एकशेबावीस इंचांची. बसतं. शेडसाठी त्याचं म्हणणं बरोबर आहे, तिथे पट्टी भिंतीवर टांगलेली राहील आणि कुठे जाणार नाही. माझी एकच अट आहे, पोटमाळ्याच्या पोरांनी ती निजामपुऱ्यात मागायची नाही. त्याचं म्हणणं, शेडमध्ये उभे काप झाले की दांड्या तयारच इकडे पाठवतो, तुला पट्टी लागणारच कशाला. मी त्याला सांगितलं की दांड्या तयार पाठव, पण टोकं इंचभर जास्त ठेव. घरात पोचल्यावर ती भिंतीच्या मापानेच कापायची आहेत. टेम्पोचं भाडं कोणाच्या खात्यात, यावर अजून आमचं ठरलेलं नाही.